‘पुट ऑफ’चा घोटाळा

गेल्या वर्षीं आमच्या जामखेडच्या घरीं परदेशांतील पुतण्याचा मोबाइलवर इंग्रजी संदेश आला कीं, आपला विवाह ‘पुट ऑफ’ झाला आहे. वहिनींनीं डोळ्यांस पदर लाविला. दादांनीं ‘मोडलें म्हणावयाचें!’ असा निकाल देऊन मुलीच्या वडिलांस खरमरीत पत्रही लिहून काढिलें. तें टपालांत पडण्यापूर्वीं कॉलेजांत जाणाऱ्या पुतणीनें मूळ संदेश वाचिला म्हणून निभावलें. लग्न केवळ तीन महिने लांबणीवर पडलें होतें. मोडलें असतें तर त्यानें ‘कॉल ऑफ’ लिहिलें असतें.

‘पुट’ म्हणजे ठेवणें व ‘ऑफ’ म्हणजे दूर, या दोहोंची बेरीज करून अर्थ लागत नाहीं, हीच खरी अडचण. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. पण अशा जोडक्रियांपुढें कोश जवळ असूनही माणूस फसतो. येथें कर्म कोणतें तें आधीं पाहावें. काम किंवा समारंभ असेल तर पुढें ढकलणें. पैसे मागावयास आलेला मनुष्य असेल तर वाटाण्याच्या अक्षता लावून त्याची बोळवण करणें. दिवा असेल तर मालवणें. वासानें अन्नावरचें मन उडालें, तरी क्रियापद हेंच. अंगावरचे कपडे ‘पुट ऑफ’ करणें मात्र आतां जुन्या पुस्तकांतच आढळतें. तेथें ‘टेक ऑफ’ म्हणावें. पुढें दुसरें क्रियापद आल्यास ‘पुट ऑफ गोइंग’ असें म्हणावें, ‘पुट ऑफ टु गो’ नव्हे.

सर्वनाम आलें कीं तें मध्येंच शिरतें: ‘पुट इट ऑफ’. आपल्याला हें चमत्कारिक वाटतें खरें, पण वाटूं नये. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द उपसर्गांच्या बळावर झाले, हें घरांतील मुलेंही जाणतात. उपसर्ग धातूच्या आधीं यावा, असें पाणिनीनें सांगितलें. परंतु वेदांत तो धातूनंतरही येतो, आणि मध्यें इतर शब्द येऊन दूरही पडतो, हेंही त्यानेंच नोंदविलें. वैदिक आजोबांना ‘पुट इट ऑफ’ समजावून देणें म्हणूनच सोपें. उलट आपलें ‘बोलून बसणें’ इंग्रजास कसें समजावावें? त्यांत कोणीच बसत नाहीं!

लग्न पुढें मार्गशीर्षांत यथासांग झालें. दादांचें तें पत्र अद्याप कोनाड्यांत आहे. वहिनी फाडूं देत नाहींत.