कुंपण टिकलं, पण पक्षी?



संशोधनाचा विषय ठरला की आपण लगेच "सर्वात चांगलं कोणतं?" असा प्रश्न धरून बसतो. मीही तेच केलं. माझा प्रश्न होता, इमूसाठी स्वस्त आणि सुरक्षित कुंपण कोणतं? सर्वेक्षणाचा तक्ता बनवला, त्यात एक रकाना: 'वर्षभरात पळालेले पक्षी'. पहिल्याच शेतावर उत्तर मिळालं, शून्य. मी खूश! परत निघताना मागच्या कोपऱ्यात एक इमू मरून पडलेला दिसला. काटेरी तारेच्या दोन ओळींमध्ये त्याची मान अडकली होती. शेताचे मालक काका म्हणाले, "पळाला नाही ना ताई, मग तुमच्या कागदावर तो जिवंतच की."

तक्ता त्याच रात्री बदलला. कसा, ते सांगते.

आधी पक्षी बघा

इमू उभा राहिला की माणसाच्या उंचीचा होतो, वजन 30 ते 45 किलोच्या आसपास, आणि धावतो ताशी सुमारे 50 किलोमीटरने. उडत नाही म्हणून आपण फक्त उंचीचा विचार करतो. मोठ्या इमूसाठी साधारण 6 फूट उंच जाळी वापरतात, ते ठीकच आहे. पण कुत्रं भुंकलं, फटाका वाजला की हा पक्षी घाबरून सरळ धावत सुटतो. बारीक तार त्याला दिसली नाही तर तो तीवर आदळतो. म्हणून कुंपण नुसतं मजबूत असून भागत नाही, ते *दिसलं* पाहिजे. वरच्या बाजूला आडवा बांबू किंवा पांढऱ्या पट्ट्या बांधणं हा स्वस्त उपाय आहे.

इजा कुठून होते?

काटेरी तार: कातडी फाटते, मान-पाय अडकतात. ही नकोच.

जाळीची भोकं: डोकं आत जाईल पण सहज बाहेर येणार नाही, असं माप सर्वात वाईट. पिल्लांसाठी खालच्या भागात बारीक जाळी वेगळी लावावी लागते.

अरुंद कोपरे: घाबरलेले पक्षी तिथे कोंडतात. कोपरा तिरपी जाळी लावून बोथट करा.

तारेचे तुकडे: काम संपल्यावर जमिनीवर राहिलेले चकचकीत तुकडे आणि खिळे हे पक्षी गिळतात. शेवटच्या दिवशी सगळी जागा वेचून काढणं हाही कुंपणाचाच भाग समजा.

स्वस्त म्हणजे काय?

इथे बहुतेकांची गफलत होते. समजा, एक जाळी मीटरला 300 रुपये आणि 5 वर्षं टिकणारी, दुसरी 450 रुपये आणि 10 वर्षं टिकणारी. वर्षाचा हिशेब केला तर पहिली 60 रुपये, दुसरी 45. दुकानात गेज विचारताना लक्षात ठेवा, आकडा वाढला की तार बारीक होते: 10 गेज सुमारे 3.25 मिमी, 14 गेज सुमारे 2 मिमी. दोन दुकानांचे दर गेज न बघता ताडून पाहिले तर ती तुलनाच चुकीची.

आकारही पैसे खातो. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. चौरस आखलं तर परीघ साधारण 254 मीटर. तेवढीच जागा 30 × 135 मीटरची लांबट केली तर 330. जवळजवळ 30 टक्के जाळी जास्त! पण लांबट जागेत पक्ष्याला धावायला मिळतं. म्हणजे खर्च आणि पक्ष्याचं स्वास्थ्य यांत ओढाताण आहे, आणि संशोधनाचा खरा प्रश्न तिथेच आहे.

महाराष्ट्रात ही ओढाताण कागदी नाही. 2012 च्या सुमारास पक्षी परत विकत घेण्याची आश्वासनं कोलमडली, आणि अनेक शेतकऱ्यांकडे कर्ज, कुंपण आणि रोज खायला मागणारे पक्षी एवढंच उरलं. अशा माणसाला "सर्वात उत्तम जाळी घ्या" हा सल्ला काय कामाचा?

एकच कुंपण, दोन उत्तरं

पश्चिम ऑस्ट्रेलियात 1901 ते 1907 मध्ये सशांना अडवायला लांबच लांब कुंपण बांधलं गेलं. 1976 मध्ये पाण्या-चाऱ्याच्या शोधात निघालेले हजारो इमू त्याला येऊन अडले. पिकं वाचली म्हणून गहू पिकवणाऱ्यासाठी कुंपण यशस्वी. इमूच्या बाजूने पाहिलं तर तसं म्हणता येईल का?

माझ्या नव्या तक्त्यात आता चार रकाने आहेत: पळालेले, जखमी, मेलेले, आणि दर मीटरचा वर्षाचा खर्च.

तुमचा विषय कुठलाही असो, शेतावर जाण्याआधी एक काम करा. तुमच्या तक्त्यात 'शून्य' आला तर त्या शून्यामागे काय काय लपू शकतं, याची यादी लिहा. मला ती काकांनी करायला लावली. तुम्ही आधीच करा.