शाळेचे कुंपण कोठपर्यंत?

सायंकाळी आठच्या सुमारास लातूरच्या उद्योगभवन भागात जाऊन कोणी उभे राहिले, तर एक विलक्षण दृश्य त्याच्या दृष्टीस पडेल. शिकवणीचे वर्ग एकामागून एक सुटत असतात आणि पाठीवर दप्तरे घेतलेली सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली शेकड्यांनी रस्त्यावर येत असतात. कोणी सायकलीवर, कोणी पायी, कोणी खाणावळीची वेळ टळू नये म्हणून घाईघाईने. नांदेडात भाग्यनगराकडे गेल्यास हेच चित्र थोड्याफार फरकाने दिसते. यांतील पुष्कळशी मुले अहमदपूर, निलंगा, मुखेड, देगलूर या तालुक्यांच्या खेड्यांतून, किंवा परभणी-हिंगोलीकडून आलेली. कागदोपत्री ती एका कनिष्ठ महाविद्यालयात असतात, शिकतात दुसरीकडे, राहतात तिसरीकडे आणि त्यांचे आईबाप चौथ्याच गावी. श्रोतेहो, या घटकेला ही मुले कोणाच्या हवाली आहेत, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यावे?

शाळांतील सुरक्षितता हा विषय मला बोलावयास दिला, तेव्हा प्रथम हाच प्रश्न माझ्या मनात आला. आपण शाळेचे रक्षण म्हणजे शाळेच्या कुंपणाचे रक्षण समजतो. भिंत उंच करावी, फाटकावर पहारेकरी बसवावा, कॅमेरे लावावेत, की आपले कर्तव्य संपले! या गोष्टी नकोत असे मी म्हणत नाही. परंतु त्यांची धाव कोठपर्यंत आहे, हे एकदा नीट पाहून घेतले पाहिजे.

आधी इमारतीचे बोलू. कारण या बाबतीत आपल्या भागाला जो धडा मिळाला, तो दुसऱ्या कोणास फारसा मिळालेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जन करून लोक निजले असता, पहाटे चार वाजण्याच्या किंचित आधी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. भूकंपाचा धक्का मोठा होता खरा, तथापि एवढा संहार केला तो घरांनी. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांतील आतला व बाहेरचा थर एकमेकांस सांधणारे लांब दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या, एवढाच काय तो त्या अवेळेचा उपकार.

त्यानंतर पुनर्वसनात जी नवी बांधकामे झाली, त्यांत एक साधी गोष्ट आग्रहाने करण्यात आली. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना कवळणारा लोखंड-काँक्रीटचा अखंड पट्टा घालावयाचा. पिंपाला जशी लोखंडी कडी, तसा हा पट्टा भिंतींना धरून ठेवतो. आपल्या मुलाच्या शाळेची जुनी इमारत पाहावयास गेलात, तर हा पट्टा आहे की नाही हे मुख्याध्यापकांना अवश्य विचारा. प्रश्न विचारण्यात काही अप्रशस्त नाही. २०२४ च्या मार्चात व पुन्हा जुलैत हिंगोली जिल्ह्यात धक्के बसले, ते नांदेडकरांनाही जाणवले होते. तेव्हा हा विषय किल्लारीबरोबर संपला असे मानावयाचे कारण नाही.

आगीचीही गोष्ट अशीच आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेत दुपारच्या भोजनाच्या स्वयंपाकघरातून ठिणगी उडाली, गवताच्या छपराने पेट घेतला आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेवरून झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली देशातील सर्व शाळांना अग्निरक्षणाचे बंधन घातले. आज शाळाशाळांतून भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले दिसते ते यामुळे. ते चालवावयाचे कसे, हे किती शिक्षकांस ठाऊक असते हा निराळा प्रश्न.

इतके झाले दगडामातीचे. आता माणसांकडे वळू. खरी अडचण येथेच आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या एका शाळेत दोन अगदी लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी तेथील रेल्वे रोखून धरली. दुसऱ्याच दिवशी शासनाने सर्व शाळांसाठी आदेश काढला. शाळेत कॅमेरे बसवावेत, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा त्यांतील चित्रण पाहावे, नोकरवर्गाची पोलिसांकडून पडताळणी करावी, तक्रारपेटी ठेवावी, सखी-सावित्री समिती नेमावी, गैरप्रकार कळल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावे. आदेश चांगला आहे. यातील काही गोष्टी तर पूर्वीही सांगून झालेल्या होत्या. तक्रारपेटी २०१७ सालीच सांगितलेली होती आणि सखी-सावित्री समिती २०२२ साली.

पण त्या प्रकरणातील एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्या मुली गप्प बसल्या नव्हत्या. इतक्या लहान वयात त्यांनी आपल्या घरी सांगितले. त्यापुढे अडखळली ती वडील माणसे. शाळेने पोलिसांना कळविले नाही म्हणून संस्थाचालकांविरुद्धही गुन्हा नोंदला गेला, आणि पोलिसांनी तक्रार नोंदविण्यास विलंब लावल्याबद्दल अधिकाऱ्यांना निलंबित व्हावे लागले.

कॅमेऱ्याचा विचार या दृष्टीने करून पाहा. कॅमेरा ओसरीवर व फाटकावर असतो. स्वच्छतागृहात तो असू शकत नाही, असू नयेही. शिवाय टिपलेले चित्र बहुतेक यंत्रांत काही आठवड्यांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. आणि मूल केव्हा बोलते? घडल्या दिवशी बोलणारी मुले थोडी. कित्येक जण महिना, सहा महिने, कधीकधी वर्षे मनात ठेवतात, आणि मग एखाद्या क्षुल्लक निमित्ताने, शाळेत जाणार नाही असा हट्ट धरून, बोलून जातात. तोवर यंत्राची स्मृती कोरी झालेली असते. म्हणून मूल लवकर बोलेल अशी व्यवस्था जेथे नाही, तेथे कॅमेऱ्याचा उपयोग अर्ध्याहूनही कमी. पहारेकऱ्याचेही तसेच. तो बाहेरच्यास अडवितो. परंतु मुलास त्रास देणारा पुष्कळदा त्याच्या ओळखीचा, आतलाच असतो. म्हणून पडताळणी शिक्षकांइतकीच ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई कामगाराची, गाडीच्या चालकाची आणि त्या पहारेकऱ्याचीही झाली पाहिजे. ही बदली माणसे रोजंदारीवर येतात-जातात. त्यांची नोंद कोणाजवळच नसते.

तक्रारपेटीविषयी मला एक प्रसंग आठवतो. नांदेडजवळच्या एका शाळेत मी गेलो असता, मुख्याध्यापकांच्या दाराशी, शिपायाच्या स्टुलाच्या बरोबर वर, ती पेटी लावलेली होती. कुलूप गंजून गेले होते. एकही तक्रार आली नाही, असे मला मोठ्या समाधानाने सांगण्यात आले! जेथे चिठ्ठी टाकणाऱ्याला सगळे पाहू शकतात, तेथे चिठ्ठी कोण टाकील? पाणी पिण्याच्या जागेजवळ किंवा वाचनालयाच्या कोपऱ्यात, जेथे घटकाभर थांबण्यास दुसरे निमित्त आहे, तेथे ती असावी. आणि किल्ली एकाच माणसापाशी नसावी, कारण तक्रार कदाचित त्याच्याच विरुद्ध असेल.

पेटीपेक्षाही श्रेष्ठ साधन म्हणजे ऐकून घेणारा माणूस. येथे शिक्षकांनी आणि घरच्यांनी दोन-तीन गोष्टी शिकून घेण्याजोग्या आहेत. मूल सांगू लागले की मध्ये बोलू नये. अमक्यानेच केले ना, असे उत्तर तोंडात घालणारे प्रश्न विचारू नयेत. तीच हकीकत चार जणांसमोर वदवून घेऊ नये. कोणास सांगणार नाही असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला लोक पॉक्सो म्हणतात, त्याप्रमाणे अशी गोष्ट ज्याला कळली त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत ते दडविल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडील घरंदाज कुटुंबे येथे थबकतात, ती मुलीच्या नावाच्या भीतीने. ती भीती मी उपहासाने उडवून लावणार नाही. लहान गावात राहणाऱ्यास ती फार खरी वाटते. परंतु कायद्याने त्याचाही विचार केला आहे. मुलाचे नाव, घर, शाळा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. जबानी मुलाच्या घरी किंवा ते सांगेल त्या ठिकाणी, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाची, आणि त्या वेळी अंगावर गणवेश असता कामा नये. मुलास रात्री पोलीस ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. हे ज्यांना माहीत नसते, ते प्रकरण आपसात मिटवितात, आणि तो मनुष्य दुसऱ्या शाळेत रुजू होतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक, निदान तेवढा तरी प्रत्येक मुलास पाठ असावा.

आता सुरुवातीच्या त्या रस्त्याकडे परत येतो. लातूर पॅटर्न हा शब्द महाराष्ट्रात रूढ झाला तो तेथील राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांच्या निकालांमुळे. जादा तास, पुनःपुन्हा सराव परीक्षा आणि शिक्षकाची प्रत्येक मुलावर नजर, असे त्याचे स्वरूप होते. यांतील सराव परीक्षा आज सर्वत्र फोफावल्या आहेत. नजर मात्र शे-दोनशेच्या वर्गात कोणावर आणि कशी ठेवावयाची? दर आठवड्याची गुणवारी भिंतीवर लागते, तीच वडिलांच्या भ्रमणध्वनीवर जाते. वडिलांनी शुल्कासाठी काय विकले किंवा गहाण टाकले, हे मुलास पक्के ठाऊक असते. अशा मुलास कोणी मारीत नाही, कोणी छळीत नाही, आणि तरीही ते मोठ्या धोक्यात असू शकते. जेवण तुटते, झोप जाते, मित्रांत मिसळणे थांबते, आणि मी तुमच्यावर ओझे आहे अशी भाषा तोंडी येते. ही चिन्हे खोलीतल्या जोडीदाराला दिसतात, खाणावळवालीला दिसतात; ज्यांच्या नावापुढे जबाबदारी लिहिलेली आहे त्यांना दिसतीलच असे नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात याच गोष्टीवर बोट ठेवले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक शिक्षित समुपदेशक असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान बांधून ठेवावे, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांना लाजवू नये, असे निर्देश दिले. आणि ते शिकवणी वर्गांनाही लागू केले. न्यायालयाने कुंपण रुंदावले, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या मुलाचे नाव घालताना निकालाचा फलक वाचण्याआधी समुपदेशक कोण, तो आठवड्यातून किती वेळ बसतो आणि त्याच्या खोलीत जाण्यासाठी कोणाची परवानगी लागते, हे विचारावे. शिक्षकांच्या खोलीतून वाट असेल, तर तेथे कोणीच जाणार नाही. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. ती फुकट आहे, अहोरात्र आहे आणि मराठीतही बोलते.

शहरातील या मुलांविषयी एवढे बोलताना, जी येथवर पोचतच नाहीत त्यांना विसरून चालणार नाही. मुखेड, कंधार, जळकोट या डोंगराळ भागातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुलगी मागे राहिली तर ती आजीपाशी, किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या आधारावर. हायस्कूल दुसऱ्या गावी असेल, तर मानव विकास कार्यक्रमातील एस. टी. गाडी हाच तिचा रक्षक. ती गाडी संध्याकाळी महिनाभर चुकत गेली, की घरचे तिला शाळेतून काढतात आणि पुढे लग्नाचे बोलणे सुरू होते. त्या मुलीच्या सुरक्षिततेसाठी कॅमेरा नको, गाडीचे वेळापत्रक पुरे आहे.

शेवटी ज्यांची मुले लातुरास किंवा नांदेडास खोली घेऊन राहतात, त्यांच्यासाठी एक सूचना करतो. रविवारी दूरध्वनीवर पहिला प्रश्न गुणांचा असतो. तो दोन रविवार बाजूला ठेवून पाहावा. या आठवड्यात कोणाबरोबर जेवलास, खोलीवर परतताना रस्त्यात दिवे असतात का, आजारी पडलास तर प्रथम कोणाच्या दारावर थाप मारशील, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाला मुलाकडून नाव आले नाही, तर पुढच्या रविवारची वाट न पाहता सोमवारची पहिली गाडी धरावी.