पूर ओसरल्यावर पुन्हा कुठे बांधायचे?

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, नोंदवही यांवर बोलतो. आज विषय थोडा दूरचा वाटेल, पण शेवटी तो आपल्याच दारात येऊन उभा राहणार आहे. पुरात बुडालेली सामाईक वास्तू पुन्हा उभी करायची असेल तर आधी काय ठरवायचे आणि पैसा कुठून आणायचा, हा आजचा विषय.

आम्ही कृष्णाकाठच्या बायका. २००५, २०१९ आणि २०२१, तीन पूर आम्ही पाहिले. २०१९ला गटाची खोली बुडाली. शिलाई मशीन, पापडाचे यंत्र, नोंदवह्यांचे गाठोडे सगळे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर पहिल्याच बैठकीत सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "होती तिथेच बांधू या, लवकर बांधू या." एक आजी मात्र म्हणाल्या, "बायांनो, पाण्यानं वाट बघून ठेवलीय." तेव्हा आम्हाला त्यांचा राग आला होता. पुढे अमेरिकेतल्या एका शिबिराची हकिकत वाचली आणि आजींचे बोलणे नीट कळले.

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना काही आठवडे निवासी शिबिराला पाठवायची जुनी रीत आहे. त्यातली पुष्कळ शिबिरे ख्रिस्ती मंडळींची. सकाळी प्रार्थना, दिवसभर पोहणे, घोड्यावर बसणे, रात्री शेकोटीभोवती गाणी. टेक्सास राज्यात हंट गावाजवळ ग्वाडालूप नदीच्या काठी 'कॅम्प मिस्टिक' हे मुलींचे शिबिर १९२६पासून चालत आलेले. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या तिथे जाऊन आलेली घरे होती.

४ जुलै २०२५च्या पहाटे त्या नदीला लोंढा आला. पाऊण तासात पाणी सुमारे २६ फूट चढले. आपली कृष्णा दिवसादिवसाने चढते, भांडी माळ्यावर टाकायला वेळ देते. तिथला प्रदेश खडकाळ, माती पातळ, उतार तीव्र. पाऊस मुरत नाही, सरळ नदीत धावतो. त्या रात्री शिबिरातल्या २७ मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताया गेल्या. मुलींना बाहेर काढताना शिबिराचे संचालकही गेले. त्या भागात एकूण १३०हून अधिक माणसे दगावली. लहान मुलींच्या खोल्या नदीजवळच्या सपाटीवर होत्या. टेकडीवरच्या खोल्यांतल्या मोठ्या मुली वाचल्या.

त्याच नदीकाठी 'मो-रँच' नावाचे आणखी एक ख्रिस्ती केंद्र आहे. रात्री एकच्या सुमारास तिथल्या एका कर्मचाऱ्याला पाणी चढताना दिसले. त्याने वरिष्ठांना उठवले आणि काठच्या इमारतीतल्या सुमारे ७० मुलांना व मोठ्यांना उंचावर हलवले. तिथे एकही जीव गेला नाही. नदी तीच आणि रात्रही तीच होती. तिथे वेळेवर कोणीतरी जागे होते आणि त्याचे ऐकले गेले.

आता मुद्दा बांधकामाचा. अमेरिकेत सरकारी खाते पुराचे नकाशे काढते. शंभर वर्षांत एकदा येईल एवढ्या पुरात जी जमीन बुडते तिला धोक्याचे क्षेत्र म्हणतात. या शिबिराच्या कितीतरी इमारती त्या क्षेत्रात दाखवल्या होत्या. शिबिराने अर्ज केले आणि २०१३पासून पुढच्या काही वर्षांत सुमारे ३० इमारती नकाशातून वगळल्या गेल्या. कागदावरची रेघ हलली, पण नदी तिथेच राहिली.

आपल्याकडेही रेघा आहेत. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई असते. निळी आणि लाल यांच्यामध्ये बंधने घालून परवानगी मिळते.

इथे पुष्कळ जणींची चूक होते. "शंभर वर्षांतून एकदा" म्हटले की वाटते, २०१९ला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळातच येईल. तसे नाही. त्याचा अर्थ, दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. सोंगट्या खेळताना एकदा मोठे दान पडले म्हणून पुढच्या वेळी ते पडणार नाही असे असते का? दर डावाला शक्यता तेवढीच. इमारत तीस वर्षे वापरायची म्हटले तर लाल रेषेवरच्या जागेला त्या काळात एकदा तरी पूर येण्याची शक्यता चारात एक. निळ्या रेषेवर तीच शक्यता दहात सात. एवढ्या जोखमीवर आपण गटातून कोणाला कर्ज दिले असते का?

आता पैशाचे बघू. दुर्घटनेनंतर त्या भागासाठी जगभरातून मदत आली. तिथल्या एका सामाजिक निधीत दहा कोटी डॉलरहून अधिक जमा झाले. पण असा पैसा आधी घरे आणि कुटुंबे यांच्याकडे जातो आणि तसेच व्हायला हवे. शिबिरासारख्या वास्तूला मुख्यतः तीन वाटा उरतात. विमा, कमी व्याजाचे सरकारी आपत्ती कर्ज आणि देणगीदार.

विम्याची गंमत अशी की तिथल्या साध्या घरविम्यात पूर धरतच नाहीत. त्यासाठी वेगळा पूरविमा घ्यावा लागतो. आपल्याकडे बहुतेक मालमत्ता विम्यात पूर येतो, पण वास्तू धरली आणि आतले सामान सोडले असे होते. म्हणून पॉलिसी घेताना तीन गोष्टी विचारा. पूर आहे का? आतले सामान धरले आहे का? दाव्यासाठी कोणते कागद लागतील? सामानाची यादी आणि फोटो दोघी-तिघींच्या मोबाईलमध्ये ठेवा. आमची यादी खोलीतच होती. ती खोलीबरोबरच गेली.

देणगीचा स्वभावही ओळखायला हवा. लोकांना भिंत द्यायला आवडते, कारण भिंतीवर नाव घालता येते. दिव्याचे बिल, पहारेकऱ्याचा पगार, बंद काळातला खर्च कोणी देत नाही. शिबिराची कमाई उन्हाळ्यातल्या शुल्कावर. एक उन्हाळा बुडाला तर वर्ष बुडाले. आपलेही तसेच. यंत्र बंद म्हणजे पापड बंद, पापड बंद म्हणजे हप्ता बंद. म्हणून अंदाजपत्रकात तीन रकाने करा. एक स्वच्छता आणि दुरुस्तीचा, दुसरा नव्या बांधकामाचा, तिसरा काम बंद असलेल्या महिन्यांचा. तिसरा रकाना रिकामा ठेवून बांधलेली कितीतरी सभागृहे कुलूप लावून पडलेली आपण पाहतो.

आणि एक चौथा खर्च, जो सगळ्यात स्वस्त असून सगळ्यात आधी टाळला जातो. इशाऱ्याचा. टेक्सासमधल्या त्या जिल्ह्याने भोंग्यांच्या यंत्रणेसाठी काही वर्षांपूर्वी राज्याकडे सुमारे दहा लाख डॉलर मागितले होते. ते मिळाले नाहीत. दुर्घटनेनंतर दोन-तीन महिन्यांत राज्याने भोंग्यांचा कायदा केला. शिबिरांसाठीही नियम आले. धोक्याच्या क्षेत्रात मुलांच्या झोपण्याच्या खोल्या नकोत, इशाऱ्याची यंत्रणा हवी, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण हवे. हा खर्च झेपणार नाही, असे काही शिबिरांनी सांगितले. त्यांची अडचण खरी आहे. लहान संस्थेवर नियमांचा बोजा जड पडतो. पण हा खर्च टाळला की जोखीम झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावर येते.

सप्टेंबर २०२५मध्ये कॅम्प मिस्टिकने जाहीर केले, की नदीपासून दूर असलेला आपला दुसरा भाग २०२६मध्ये उघडू आणि गेलेल्या मुलींचे स्मारक बांधू. काही मुलींना पुन्हा तिथे जायची ओढ होती. ज्यांच्या मुली गेल्या त्या आईबापांपैकी काहींना ही घाई असह्य झाली. आम्हाला आधी का विचारले नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे प्रकरणे न्यायालयात गेली. दोष कोणाचा ते न्यायालय बघेल. आपण एवढेच शिकायचे, की ज्यांचे सगळ्यात जास्त गेले त्यांना सगळ्यात आधी विचारायचे. नकाशा काढायच्या आधी आणि पावती पुस्तक छापायच्याही आधी.

आम्ही काय केले? जुन्या जागी फक्त एक मोकळी शेड ठेवली. सामान उचलून नेता येईल एवढेच तिथे. खोली वरच्या आळीत, भाड्याने. रोज चढ चढावा लागतो, म्हाताऱ्या कुरकुरतात. दोन जणी गट सोडून गेल्या, त्याचे वाईट वाटते. २०२१ला शेडमध्ये पाणी आले, तेव्हा यंत्र वर होते. त्या वर्षी एकही हप्ता थकला नाही. "पाण्यानं वाट बघून ठेवलीय" म्हणणाऱ्या आजी तोवर राहिल्या नव्हत्या. पहिला डबा पापड आम्ही त्यांच्या घरी नेऊन दिला.

येत्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तरे ठरावाच्या वहीत लिहा.

आपली वास्तू, अंगणवाडी आणि शाळा निळ्या-लाल रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत? ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात विचारणा करा.

रात्री दोनला पाणी आले तर कोण उठवणार, कोणाला, आणि कोणत्या वाटेने न्यायचे?

विमा आहे का, आणि त्याचा कागद कोणाच्या घरी आहे?

मदतीचा पैसा आला तर वेगळे खाते, दोन सह्या आणि फळ्यावर हिशोब, हा ठराव आजच करता येईल का?

आणि ज्या घराचे सगळ्यात जास्त नुकसान झाले, त्या घरची बाई या बैठकीत आहे का? नसेल तर तिला बोलावून आणा, आणि मगच बैठक सुरू करा.