दिल्लीच्या पाण्याची नावे

वाचकहो, वाड्याच्या परसातील हौद आपणांस कधी परका वाटला नसेल. हा शब्द मात्र मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि घरचाच होऊन बसला. दिल्लीस गेलात तर ‘हौज खास’ या नावात त्याचाच सख्खा भाऊ आपणांस भेटेल. इ. स. १३००च्या सुमारास अल्लाउद्दीन खिलजीने खोदविलेला हा तलाव पुढे गाळाने भरला. फिरोजशाह तुघलकाने तो उपसविला. हौज म्हणजे हौद, खास म्हणजे खाशांचा, बादशाही.

दक्षिणेस, फरिदाबादजवळ, सूरजकुंड आहे. येथे सूर्याचा सूरज झाला. कुंड संस्कृतच राहिले. शहरातील बारापुला ओढा तर जहांगीरच्या काळातील पुलाचे नाव वागवितो. गंमत अशी, की पुलाच्या कमानी ११ आहेत. १२ आहेत ते खांब!

मनाला चुटपुट लावते ती साहिबी नदी. अरवलीत उगम पावून ती नजफगडच्या विस्तीर्ण सरोवरात पसरे व पुढे यमुनेस मिळे. इंग्रजी अमदानीत ते सरोवर आटविण्यासाठी चर खणला गेला. सेनापती मिर्झा नजफखानावरून गावाचे नाव पडले होते, गावावरून चराचे. आणि नदीचा झाला ‘नजफगड नाला’. नदीत घाण टाकताना हात कचरतो. नाल्याचे सोयरसुतक कोणास? आज दिल्लीचे सांडपाणी त्यातून वाहते. अलीकडे सरकारी कागदांत ‘साहिबी’ पुन्हा दिसू लागली आहे. वजिराबादजवळ यमुनेस मिळणाऱ्या त्या काळ्या प्रवाहाला लोक मात्र अजून नालाच म्हणतात.