साठीतली पेटी

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर गावोगावी भजनी मंडळं आहेत. एकादशीला, गणपतीत, हरिनाम सप्ताहात ती बसतात. तिथे वर्षानुवर्षं टाळ धरणाऱ्या कित्येकांना पेटी शिकायची असते. नोकरी, बागायत, मुलांची शिक्षणं यांत ते राहून जातं आणि साठीला वाटतं, आता काय उपयोग? उपयोग आहे. अशा माणसाचं निम्मं शिक्षण टाळ वाजवतानाच झालेलं असतं. चाली कानात असतात, आठ मात्रांचा भजनी ठेका अंगात मुरलेला असतो. आता कानातलं बोटांत उतरवायचं, एवढंच उरतं.

आधी पेटी आतून समजून घ्या. डाव्या हाताने बाहेरचा भाता हलवला की हवा आतल्या भात्यात साठते आणि तिथल्या स्प्रिंगा तिच्यावर दाब ठेवतात. पट्टी दाबली की तिच्या मागच्या बाजूचं भोक उघडतं आणि त्या हवेने पितळी सूर थरथरतो. म्हणजे दर स्वराला भाता मारायची गरज नाही. साठलेली हवा संपू द्यायची नाही, इतकंच. म्हणून पहिले काही दिवस फक्त ‘सा’ धरा. भाता संथ ठेवा, सूर कमी-जास्त होऊ देऊ नका आणि त्यात स्वतःचा ‘सा’ मिसळा.

मग सप्तक. पांढरी एकचा सा धरला तर सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, म्हणून नवशिक्याला ते सोपं वाटतं. पण अनेक पुरुषांच्या गळ्याला काळी एक मानवते, आणि बोटांनाही ती सोयीची आहे. सा काळी एकवर तर्जनीने, रे काळी दोनवर मधल्या बोटाने. मग अंगठा तळहाताखालून पुढे नेऊन पांढरी चारवर ग. म काळी तीनवर पुन्हा तर्जनीने, प काळी चारवर मधल्याने, ध काळी पाचवर अनामिकेने. नी पुढच्या पांढरी एकवर परत अंगठ्याने आणि वरचा सा तर्जनीने. सप्तकात दोनच पांढऱ्या लागतात आणि दोन्ही अंगठ्याच्या वाट्याला येतात. उतरताना हीच बोटं उलट क्रमाने.

या वयात अनामिका हटकून अडते. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या स्नायुबंधांशी जोडलेले असल्यामुळे ती एकटी चटकन उचलली जात नाही. ‘पधपध’ सावकाश घोटा. बोटं दुखू लागली की थांबा. रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं बरी. शिकलेली हालचाल रात्रीच्या झोपेत पक्की होत जाते.

अलंकार थोडे बसले की लगेच ओळखीची चाल घ्या. तोंडाने गा, तिचा पहिला स्वर पेटीवर शोधा, मग दुसरा. स्वर लिहून दिलेली वही हाताशी असू द्या, पण आधी कानाला विचारा. पुढे साथ. बुवा ज्या पट्टीत गातील तिथे तुमचा सा सरकवायचा, त्यांच्या शब्दामागोमाग जायचं आणि ते श्वास घेतील तेव्हाच मोकळी जागा भरायची. इतकी वर्षं झील धरलेल्याला या जागा तोंडपाठ असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देऊन शिस्तीत पुढेही जाता येईल. मात्र साथीला बसण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहू नका.

किनाऱ्यावर पेटीला जपावं लागतं. खाऱ्या, दमट हवेने पितळी सूर गंजतात आणि बेसूर होतात, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. पेटी समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, जमिनीपासून उंच आणि खोक्यात बंद ठेवा. ती उन्हात वाळवू नका, लाकूड तडकतं. सूर स्वतः खरवडायला जाऊ नका, ते काम कारागिराचं.

पेटी अंगवळणी पडायला वेळ लागेल, तो लागू द्या. मंडळातल्या पेटीवाल्यांना सांगून एक सोपा गजर मागून घ्या आणि पुढच्या एकादशीला तेवढाच वाजवा. तुमच्या हातून एखादा स्वर निसटला, तर सावरून घ्यायला ओळखीचे गळे आहेत. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही.