सातबाऱ्यावर नाव कोणाचं?

एका ग्रामीण वाचनालयाच्या कार्यकर्त्यांचं पत्र आलं आहे. वर्गणी तुटपुंजी, अनुदान वेळेवर येत नाही, पण गावातल्या मुलांनी वाचनालयाची वेबसाइट करायचं मनावर घेतलं आहे. प्रश्न एका ओळीचा आहे: 'वेबसाइटचं नाव फुकट मिळतं का हो?'

मिळतं. एकेकाळी तर सगळ्यांनाच फुकट मिळायचं. पण तेव्हा त्याचे पैसे कोण भरत होतं हे सांगितल्याशिवाय सल्ला देणं मला योग्य वाटत नाही. शिवाय या निमित्ताने एलिझाबेथ फाइनलर यांच्याविषयी लिहिता येईल, आणि ते मला कधीचं लिहायचं होतं.

इंटरनेटचा इतिहास सांगताना व्हिंट सर्फ, टिम बर्नर्स-ली ही नावं हमखास निघतात. फाइनलरबाईंचं क्वचितच. त्या मूळच्या जीवरसायनशास्त्राच्या. संगणकाचा माउस ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या डग्लस एंगलबार्ट यांनी 1972 साली त्यांना कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या आपल्या प्रयोगशाळेत घेतलं. काम होतं अर्पानेट या नव्या जाळ्याची, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपाची, माहितीपुस्तिका करण्याचं. पुढे जाळ्याचं माहिती केंद्र त्यांच्याकडे आलं आणि 1989 पर्यंत बाईंनी ते चालवलं. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक संगणकाचं नाव आणि त्याचा आकडी पत्ता या केंद्रातल्या एकाच फाइलीत लिहिलेला असे. तुमचा संगणक जोडायचा असेल तर केंद्राला फोन करायचा. ते नाव आधी कोणी घेतलेलं नसेल तर यादीत चढायचं आणि ताजी यादी बाकीचे संगणक उतरवून घ्यायचे. केंद्र संध्याकाळी बंद व्हायचं, नाताळात सुट्टी असायची. म्हणजे त्या दिवसांत इंटरनेटवर नवं नाव निघतच नसे! ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या वहीसारखा तो कारभार होता, आणि एक पैसाही पडत नव्हता. त्या वहीची खूण आजही तुमच्या घरी आहे. विंडोज असो की लिनक्स, प्रत्येक संगणकात 'होस्ट्स' नावाची छोटीशी फाइल असते. ती त्याच यादीची वंशज आहे.

1983 च्या ऑगस्टमध्ये या यादीत 562 संगणक होते. एवढ्यावरच ती आवरेनाशी झाली होती. पॉल मॉकापेट्रिस आणि जॉन पोस्टेल यांनी त्याच वर्षी काढलेला तोडगा मला आजही फार सुंदर वाटतो.

कोकणातल्या एखाद्या गावी तुम्ही पहिल्यांदाच उतरलात असं समजा. एसटी स्टँडवरच्या टपरीवाल्याला अमक्याचं घर ठाऊक नसतं, पण वाडी कुठे ते तो दाखवतो. वाडीच्या तोंडाशी कोणीतरी आळी सांगतं. आळीतलं पोर तुम्हाला थेट पडवीत नेऊन सोडतं. सगळं गाव एकालाही पाठ नसतं आणि तरी कोणी हरवत नाही. तुमचा फोन वेबसाइट शोधतो तेव्हा त्याच्या वतीने अशीच विचारपूस होते. टपरीच्या जागी असतात मूळ सर्व्हर. 'ए' ते 'एम' अशी त्यांची 13 नावं आहेत, पण त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत, मुंबईतही आहेत. वाचनालयाचं नाव 'डॉट इन'ने संपत असेल, तर ते 'डॉट इन'वाले कुठे भेटतील एवढंच सांगतात. 'डॉट इन'वाले वाचनालयाच्या नावाची चौकशी कुठे करायची ते सांगतात, आणि तिथे आकडी पत्ता हाती येतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उरकतं. मिळालेलं उत्तर काही काळ लक्षातही ठेवलं जातं, म्हणून दर वेळी स्टँडपासून सुरुवात करावी लागत नाही. कॉम, एज्यु, गव्ह अशा वाड्या पाडण्याच्या कामात फाइनलरबाईंच्या गटाचा मोठा वाटा होता. त्यांना 2012 साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. माझ्या मते फार उशिरा.

आता पैशांकडे येऊ. डॉट कॉमचं पहिलं नाव 15 मार्च 1985 रोजी 'सिम्बॉलिक्स' या कंपनीने घेतलं, आणि पुढची दहा वर्षं ही नावं घेणाऱ्याला फुकट होती. खर्च अमेरिकेचं सरकार, म्हणजे तिथला करदाता, सोसत होता. नावांची रांग लागली तेव्हा 14 सप्टेंबर 1995 पासून वर्षाला 50 डॉलर आकारायला सुरुवात झाली, तेही दोन वर्षांचे आगाऊ.

पुढे फुकट नावांचा सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांच्या नावावर. तीन प्रवाळबेटं, वस्ती दीड हजारांच्या आसपास, विमानतळ नाही, सामोआहून बोटीने जायचं. टेलिफोन पोहोचला 1997 साली. तीन वर्षांनी एका डच उद्योजकाचा फॅक्स आला: तुमच्या बेटांच्या वाट्याची 'डॉट टीके' ही अक्षरं मला चालवू द्या. पुढे फ्रीनॉम या नावाने चाललेल्या त्याच्या कंपनीने जगभर फुकट नावं वाटली. एका टप्प्यावर 'डॉट टीके'वर अडीच कोटी नावं होती. तेव्हा दुसऱ्या कुठल्याच देशाच्या नावाखाली इतकी नोंदणी नव्हती!

यातली गोम सातबारा वाचणाऱ्याला लगेच कळेल. फुकट नाव घेणारा फक्त कसणारा होता, सातबाऱ्यावर नाव कंपनीचं होतं. कूळकायद्याचं संरक्षण तर नाहीच. मुदत संपली किंवा नाव काढून घेतलं, की त्या पत्त्यावर येणाऱ्यांना जाहिराती दाखवून कंपनी पैसे मिळवायची. वेबसाइटची वर्दळ तुम्ही वाढवायची आणि पीक दुसऱ्याने न्यायचं. भामट्यांना तर रान मोकळं मिळालं. बँकेसारखं दिसणारं एक नाव बंद पाडलं की ते आणखी दहा घेत, कारण खिशाला तोशीसच नव्हती. 2022 च्या अखेरीस फेसबुकची मालक कंपनी मेटाने फ्रीनॉमवर खटला भरला. 2023 च्या सुरुवातीला नवी नोंदणी थांबली आणि 2024 च्या फेब्रुवारीत फ्रीनॉमने या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. लाखो नावं बंद पडली, त्यात प्रामाणिक माणसांचीही गेली. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते टोकेलाऊचं. मासेमारी करून जगणाऱ्या त्या साध्या बेटांचं नाव फसवणुकीशी कायमचं जोडलं गेलं.

दुसरं टोक आपण भारतात पाहिलं. 'डॉट इन' पूर्वी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होतं आणि नियम इतके कडक होते की 1992 ते 2004 या बारा वर्षांत जेमतेम 7,000 नावं नोंदली गेली. 2005 साली दार उघडलं आणि सामान्य माणसाला 'डॉट इन' मिळू लागलं. दार बंद ठेवणंही चूक आणि सताड उघडं टाकणंही चूक. थोडी किंमत असणंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचनालयाने म्हणूनच नाव विकत घ्यावं. 'डॉट इन'ला वर्षाला काहीशे रुपये पडतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते ती पहिल्या वर्षाची किंमत. तुम्ही नूतनीकरणाची किंमत विचारा, कारण ती दरवर्षी भरायची आहे. देणगीदार भेटला तर एकदम दहा वर्षांचीही नोंदणी करता येते. मुलांना सरावासाठी फुकट हवं असेल तर दुसऱ्याच्या नावाला जोडून मिळणारं उपनाव खुशाल घ्या. 'ईयू डॉट ऑर्ग' हा स्वयंसेवकांचा उपक्रम 1996 पासून अशी उपनावं देतो आहे. मात्र ती दुसऱ्याच्या वाड्यातली खोली आहे हे विसरू नका.

आणि मराठीत नाव घ्यायचा विचार जरूर करा. देवनागरीतलं 'डॉट भारत' 27 ऑगस्ट 2014 पासून मिळतं, मराठी आणि कोकणीसुद्धा त्यात आहेत. मजा अशी, की जुन्या यंत्रणेला फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ कळते. म्हणून पडद्याआड 'भारत'चं रूप होतं: एक्स, एन, दोन जोडरेघा, एच, 2, बी, आर, जे, 9, सी. तुम्ही 'भारत' लिहिता, सर्व्हर एकमेकांशी या सांकेतिक रूपात बोलतात आणि तुम्हाला पुन्हा 'भारत' दिसतं. सगळी ईमेल यंत्रणा अजून देवनागरी पत्ते स्वीकारत नाही, तेव्हा जोडीला रोमन नाव असू द्या.

शेवटची विनंती सगळ्यात महत्त्वाची. संस्थांची नावं बहुतेक वेळा वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर नोंदलेली असतात. तो नोकरीसाठी पुण्याला जातो, फोन नंबर बदलतो, मुदत संपल्याची सूचना कोणीच वाचत नाही. तेव्हा नोंदणी वाचनालयाच्या नावाने करा, ईमेल संस्थेचा द्या, त्याचा पासवर्ड दोघा पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. आणि नूतनीकरणाची तारीख येत्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.