शंभराला किती बाकी?

मुलगा व्हिडिओ एक्स्पोर्ट करत होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं : १०० अंश. पाणी उकळतं तो आकडा! घराजवळचा दुकानदार फोनवरच म्हणाला, प्रोसेसर बदला. ते काही पटेना, म्हणून संगणकाचा डबा टॅक्सीत घातला आणि लॅमिंग्टन रोड गाठला.

जिन्याखालच्या त्या दुकानातल्या दादांनी डबा उघडलाच नाही. आधी भिंतीवरचं थर्मामीटर पाहिलं. ३३. मग मशीन सुरू करून दहा मिनिटं नुसतं ठेवलं. ५८.

"ताई, घरी एसी आहे?"

"नाही."

"मग थंड देशातला माणूस ३५ सांगतो, ते आपल्याला लागू नाही. पंखा चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. आधी खोली वजा करा."

वजा केले. उरले २५. काहीच काम नसताना एवढे म्हणजे जास्तच.

मग सिनेबेंच ही चाचणी लावली. सगळे कोअर कामाला जुंपले गेले. आकडा भराभर चढला आणि १०० वर थबकला. मला हायसं वाटलं. दादांनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे वेग घसरत २.४ गिगाहर्ट्झवर आला होता. हा दहाव्या पिढीचा कोअर आय-५, खोक्यावर २.९ लिहिलेला. "जळू नये म्हणून चिप स्वतःच दम खाते. आकडा थांबला म्हणजे बरं झालं असं नाही."

"शंभराला किती बाकी, तेवढं बघायचं," हे ते दर पाच मिनिटांनी म्हणत. मला ती बोलायची लकब वाटली. पण इंटेलचा सेन्सर मोजतो तेच. चिप कमाल मर्यादेच्या किती खाली आहे, एवढंच तो कळवतो. प्रोग्राम ते मर्यादेतून वजा करून अंश दाखवतो. म्हणून मर्यादेजवळचा आकडा भरवशाचा, गार असतानाचा अंदाजपंचे. शिवाय मर्यादा प्रत्येक चिपची वेगळी. एएमडीचे २०२२ चे रायझन ७००० तर भरपूर कामात ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत.

शेवटी डबा उघडला. कूलरच्या चार पिनांपैकी एक वर आलेली, त्यामुळे कूलर एका बाजूला उचललेला. खालची पेस्ट वाळक्या चुन्यासारखी. दादांनी कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं आणि इंजेक्शनच्या आधी दंडावर येतो तो वास दुकानभर पसरला. पुसता पुसता चिपवरची अक्षरं उजळली. वाटाण्याएवढी नवी पेस्ट, वर कूलर. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबल्या : टक्, टक्, टक्. चौथी बसेना. त्यांनी ती उलट फिरवून मोकळी केली, पुन्हा अंगठ्याने दाबली. टक्. तो आवाज अजून कानात आहे.

नुसतं असताना ४५. सिनेबेंचखाली ७६, वेग ४.०. "शंभराला चोवीस बाकी," दादा म्हणाले आणि पुढचा डबा ओढला.

उन्हाळ्यात तुमचाही आकडा चढेल. तेव्हा आधी खोलीचं तापमान वजा करा, मग वेग घसरतोय का ते पाहा. आणि कोणी प्रोसेसर बदला म्हटलं, तर पैसे काढण्याआधी मशीन बंद करून त्या चार पिना बघा.